स्कॉटलंडदर्शनाची वाट कशी घडली

स्कॉटलंड पाहायला निघालेल्या कुटुंबाचा प्रवासक्रम आज बहुतांशी ठरलेला असतो. एडिंबरा येथील किल्ला व त्यातील राजचिन्हे, स्टर्लिंगचा किल्ला आणि जवळच्या टेकडीवरील विल्यम वॉलेसचे स्मारक, ट्रॉसॅक्स नावाच्या डोंगराळ भागातील सरोवरे, ग्लेन्कोची दरी, ग्लेनफिनन येथील रेल्वेचा कमानींचा पूल, कलोडनची रणभूमी, आणि वाटेत कोठेतरी बॅगपाइपचे वादन, किल्ट नेसलेले पुरुष व एखादा क्रीडामेळावा, असा तो क्रम असतो. ही स्थळे आणि हे रिवाज अतिप्राचीन आहेत असे पाहणाऱ्याला वाटते, आणि त्यांतील काही खरोखर प्राचीन आहेतही. परंतु ती ज्या क्रमाने, ज्या वेशात आणि ज्या अर्थाने दाखवली जातात, तो क्रम, तो वेश आणि तो अर्थ मुख्यतः १७४६ ते १८६८ या काळात घडला. एका युद्धातील पराभव, सैन्यासाठी बांधलेले रस्ते, एक कवी, एक राजभेट, एका राणीची सुट्टी आणि स्वस्त झालेला रेल्वेप्रवास यांनी मिळून ही वाट तयार केली. आणि ती तयार होत असतानाच तिच्या दोन्ही बाजूंची माणसे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून उठवली जात होती. हे दोन्ही इतिहास एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक वगळून दुसरा सांगू गेल्यास तो अपुराच राहतो.

स्कॉटलंडचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. दक्षिणेचा व पूर्व किनाऱ्याचा सखल, शेतीचा व शहरांचा प्रदेश म्हणजे लोलँड्स. उत्तरेचा व पश्चिमेचा डोंगर, सरोवरे आणि बेटे यांनी भरलेला प्रदेश म्हणजे हायलँड्स. सखल भागातील लोक इंग्रजीला जवळची असलेली स्कॉट्स ही भाषा बोलत, तर डोंगराळ भागात आयरिश भाषेशी नाते सांगणारी गेलिक भाषा चाले. हायलँड्समधील समाज क्लॅन म्हणजे कुळांमध्ये विभागलेला होता. कुळाचा प्रमुख हा जमिनीचा धनी, न्याय देणारा आणि युद्धात नेतृत्व करणारा असे, आणि त्याच्या मोठेपणाचे मोजमाप त्याला किती खंड मिळतो यापेक्षा किती हत्यारबंद माणसे त्याच्यामागे उभी राहतात यावर होई. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत एडिंबरातील सुशिक्षित माणसाला हा प्रदेश रानटी आणि धोकादायक वाटत होता. तेथे कोणी मौजेखातर जावे, बायकामुलांना घेऊन जावे, ही कल्पनाच त्या काळी असंभाव्य होती.

हे चित्र बदलण्यास एक युद्ध कारणीभूत झाले. १६८८ मध्ये पदच्युत झालेल्या स्ट्युअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्या पक्षाला जॅकोबाइट असे म्हणत. त्या घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट याने १९ ऑगस्ट १७४५ रोजी ग्लेनफिनन येथे आपले निशाण उभारले, एडिंबरा शहर घेतले आणि इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत मजल मारली. परंतु तेथून त्याला माघार घ्यावी लागली आणि १६ एप्रिल १७४६ रोजी इन्व्हरनेसजवळच्या कलोडन येथे ड्यूक ऑफ कंबरलंडच्या सैन्याने त्याच्या फौजेचा एका तासाच्या आत धुव्वा उडवला. लढाईपेक्षा तिच्यानंतर घडले ते अधिक दूरगामी होते. कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने काढून घेण्यात आले, हत्यारे जप्त झाली, आणि १ ऑगस्ट १७४७ पासून हायलँडचा पोशाख घालणे हा पुरुषांसाठी व मुलांसाठी गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती. बॅगपाइपवरही याच कायद्याने बंदी घातली असे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु कायद्याच्या मजकुरात त्या वाद्याचा उल्लेख नाही. पोशाखावरील बंदी १७८२ मध्ये उठली. तोवर एक पूर्ण पिढी त्या वेशाविना वाढली होती.

या बंदीतून एक वर्ग मात्र सुटला होता, तो म्हणजे ब्रिटिश सैन्यातील हायलँड पलटणींचा. ज्या डोंगरी माणसाला घरी किल्ट नेसला म्हणून तुरुंगात जावे लागे, त्यालाच राजाच्या चाकरीत तो नेसण्याची आज्ञा होती. त्यामुळे टार्टन, म्हणजे रंगीत धाग्यांच्या चौकडींनी विणलेले लोकरी कापड, या काळात सैन्याच्या गणवेशामुळे टिकून राहिले आणि त्याला राजनिष्ठेचा व पराक्रमाचा नवा अर्थ चिकटला. या पलटणींचा महाराष्ट्राच्या इतिहासाशीही संबंध आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीने जी लढाई दिली, तिच्यात ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँड पलटणी आघाडीवर होत्या आणि त्यांतील ७४ वी मराठ्यांच्या तोफांच्या माऱ्यात जवळजवळ नष्ट झाली. कलोडनच्या पराभवानंतर दोन पिढ्यांच्या आत त्याच प्रदेशातील तरुण साम्राज्याच्या विस्तारासाठी दख्खनमध्ये मरत होते, ही घटना त्या समाजाचे काय झाले हे समजण्यास फार उपयोगी आहे.

युद्धाचा दुसरा वारसा रस्त्यांचा. १७१५ च्या जॅकोबाइट उठावानंतर हायलँड्सवर वचक ठेवण्यासाठी जनरल जॉर्ज वेड याची नेमणूक झाली आणि त्याने १७२५ पासून सुमारे बारा वर्षांत सुमारे २५० मैलांचे लष्करी रस्ते व अनेक पूल बांधवून घेतले; टे नदीवरील अ‍ॅबरफेल्डीचा त्याचा दगडी पूल आजही वाहतुकीस खुला आहे. त्याच्या मागून विल्यम कॉलफील्ड याने हे काम कितीतरी अधिक लांबीपर्यंत वाढवले. कलोडननंतर इन्व्हरनेसजवळ फोर्ट जॉर्ज हा तटबंदीचा प्रचंड किल्लाही उभा राहिला, परंतु १७६९ मध्ये तो पुरा होईपर्यंत उठावाची भीती संपून गेली होती. ज्या रस्त्यांवरून पायदळ आणि तोफा जायच्या होत्या त्यांवरून आता प्रवासी वह्या घेऊन जाऊ लागले. टॉमस पेनंट या निसर्गअभ्यासकाने १७६९ मध्ये केलेल्या प्रवासाचे पुस्तक १७७१ मध्ये निघाले आणि त्याने स्कॉटलंडच्या प्रवासवर्णनांची परंपरा लोकप्रिय केली.

या काळात प्रवाशांना उत्तरेकडे ओढणारे आणखी एक आकर्षण निर्माण झाले होते. जेम्स मॅक्फर्सन याने १७६० पासून पुढील काही वर्षांत ऑसियन नावाच्या प्राचीन गेलिक कवीच्या काव्याची भाषांतरे म्हणून काही पुस्तके प्रसिद्ध केली. गेलिक मौखिक परंपरेतील काही अंश त्यांत असला तरी बराचसा मजकूर त्याने स्वतः रचलेला होता, आणि यावरून मोठा वाद माजला; तथापि युरोपभर ही पुस्तके वाचली गेली आणि धुक्याने वेढलेले, उदास, वीरांच्या स्मृतींनी भरलेले हायलँड्स ही प्रतिमा त्यांनी रूढ केली. स्टाफा या निर्मनुष्य बेटावरील बेसॉल्टच्या षट्कोनी खांबांची गुहा १७७२ मध्ये जोसेफ बँक्सने जगासमोर आणली, तेव्हा ती ऑसियनच्या काव्यातील फिंगल या वीराच्या नावानेच प्रसिद्ध झाली; जर्मन संगीतकार मेंडेल्सोहन १८२९ मध्ये तेथे जाऊन आला आणि त्या प्रवासातून त्याची हेब्रिडीज ही रचना जन्मली.

मॅक्फर्सनचा सर्वांत कठोर टीकाकार सॅम्युएल जॉन्सन हाही १७७३ मध्ये जेम्स बॉझवेलसह हायलँड्स व पश्चिमेकडील बेटे पाहून आला. या दोघांची पुस्तके सहलीच्या इतिहासात नेहमी उल्लेखली जातात, परंतु जॉन्सनच्या १७७५ च्या पुस्तकाचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. जे कुळांचे जग पाहायला तो आला होता ते संपत आले आहे आणि आपल्याला उशीर झाला आहे, हे त्याने स्पष्ट नोंदवले. कुळप्रमुख आता केवळ खंड वसूल करणारे जमीनदार होत चालले आहेत आणि रयत अमेरिकेला निघाली आहे, हेही त्याने पाहिले. पराभवानंतर राजपुत्र चार्ल्सला निसटून जाण्यास मदत करणारी फ्लोरा मॅक्डोनल्ड हिच्या घरी स्काय बेटावर या दोघांनी मुक्काम केला; पुढल्याच वर्षी ती स्वतः कुटुंबासह नॉर्थ कॅरोलायनाला निघून गेली.

प्रवाशांच्या या बारीक ओघाचा लोंढा केला तो वॉल्टर स्कॉट याने. त्याचे ‘द लेडी ऑफ द लेक’ हे कथाकाव्य मे १८१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिल्या वर्षातच त्याच्या वीस हजारांहून अधिक प्रती खपल्या, जी संख्या त्या काळच्या काव्याच्या मानाने अपूर्व होती. या काव्याची कथा लॉख कॅट्रिन या सरोवराभोवती घडते, आणि ते प्रसिद्ध झाल्याबरोबर त्या सरोवराकडे जाणाऱ्या वाटांवर घोडागाड्यांची रांग लागली. खाणावळी व मुक्कामाच्या जागा अपुऱ्या पडल्या. पुस्तक हातात धरून कथेतील प्रत्येक प्रसंगाची जागा शोधायची, ही पर्यटनाची रीत स्कॉटलंडमध्ये येथून दृढ झाली. १८१४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘वेव्हर्ली’ या कादंबरीने १७४५ च्या उठावाला आणि ‘रॉब रॉय’ने डोंगरी लुटारूच्या आख्यायिकेला हेच भाग्य मिळवून दिले. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची चर्चा निघाली की हरि नारायण आपटे यांच्या जोडीने स्कॉटचे नाव येते, ते त्याच्या कथनपद्धतीमुळे. स्कॉटलंडमध्ये मात्र त्याच्या लेखनाने भूगोलच पुन्हा आखला. जी जागा त्याच्या पुस्तकात आली ती पाहण्याजोगी ठरली, आणि न आलेल्या कितीतरी जागा वाटेवरून बाजूला पडल्या.

स्कॉटचे काम लेखणीपुरते राहिले नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या संसदांचे १७०७ मध्ये एकीकरण झाल्यावर स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार एडिंबराच्या किल्ल्यातील एका खोलीत कुलूपबंद पेटीत ठेवून दार बंद करण्यात आले होते. शंभर वर्षांत ती लंडनला नेली गेल्याची शंका लोकांत पसरली होती. स्कॉटने पुढाकार घेऊन सरकारी परवानगी मिळवली आणि ४ फेब्रुवारी १८१८ रोजी ती पेटी उघडल्यावर राजचिन्हे कापडात गुंडाळलेली जशीच्या तशी सापडली. ती लवकरच लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली आणि एक लष्करी छावणी असलेला किल्ला प्रेक्षणीय स्थळ बनू लागला. याच १८१८ साली पुण्याची पेशवाई संपवून दख्खनचा कारभार हाती घेणारा माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन हा याच किल्ल्याच्या एका गव्हर्नरचा मुलगा होता, आणि त्याच्या हाताखाली साताऱ्यास नेमलेला, पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा ईशान्य स्कॉटलंडमधील बॅन्फचा. आपल्या देशाच्या गेलेल्या राज्याची चिन्हे पेटीतून बाहेर काढून जपणारी आणि दुसऱ्याचे राज्य संपल्यावर त्याचा इतिहास लिहिणारी ही एकाच समाजातील, एकाच पिढीतील माणसे होत.

ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. १६५१ नंतर कोणत्याही गादीवरील राजाने स्कॉटलंडमध्ये पाऊल टाकले नव्हते, त्यामुळे या भेटीचे स्वागत कसे करावे याचा कोणताही जिवंत रिवाज उरलेला नव्हता. तो स्कॉट आणि सैन्याधिकारी डेव्हिड स्ट्युअर्ट ऑफ गार्थ या दोघांनी काही आठवड्यांत रचला. कुळप्रमुखांनी आपापली माणसे टार्टनमध्ये घेऊन यावे, पाहुण्यांनी दरबारी समारंभात हायलँडचा वेश करावा, अशा सूचना छापून वाटण्यात आल्या. राजानेही होलीरूड राजवाड्यातील दरबारात लाल स्ट्युअर्ट टार्टनचा किल्ट नेसला. ज्या वेशासाठी पंचाहत्तर वर्षांपूर्वी लोकांना तुरुंगात घातले जात होते, तो कंबरलंडच्या घराण्यातील राजाच्या अंगावर चढला. आणि ज्या लोलँड्सच्या नागरिकांनी शतकानुशतके त्या वेशाकडे तिरस्काराने पाहिले होते, त्यांनीही तो संपूर्ण देशाचा वेश म्हणून स्वीकारला.

टार्टनच्या व्यापारावर या भेटीचा ताबडतोब परिणाम झाला. स्टर्लिंगजवळच्या बॅनॉकबर्न येथील विल्सन घराण्याचा माग अठराव्या शतकापासून पलटणींना कापड पुरवीत होता आणि त्यांच्या १८१९ च्या नमुनावहीत दोनशेहून अधिक नमुने नोंदलेले आहेत. त्यांतील कितीतरी नमुने पूर्वी केवळ क्रमांकाने किंवा एखाद्या गावाच्या नावाने ओळखले जात. गिऱ्हाईक आपल्या कुळाचे टार्टन मागू लागले तसतशी त्यांना कुळांची नावे मिळाली. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये कुळप्रमुखांकडून आपापल्या कुळाच्या कापडाचे नमुने मागवले, तेव्हा आपला नमुना कोणता हे अनेकांना सांगता आले नव्हते. पुढे स्ट्युअर्ट राजघराण्याचे वंशज असल्याचा दावा करणाऱ्या दोन भावांनी १८४२ मध्ये जुन्या हस्तलिखिताच्या आधाराने म्हणून ‘व्हेस्टिअ‍ॅरियम स्कॉटिकम’ हा सचित्र ग्रंथ काढला. ते हस्तलिखित बनावट होते, तरी त्यातील अनेक नमुने आजही कुळांची अधिकृत टार्टने म्हणून विकले जातात.

इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर याने १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या साऱ्याला बनवलेली परंपरा म्हटले, आणि तपशिलांत त्याचे पुष्कळसे बरोबरही होते. परंतु चौकडीचे लोकरी कापड हायलँड्समध्ये शतकांपासून विणले जात होते, कमरेला पट्ट्याने आवळून उरलेला भाग खांद्यावर घेण्याचे लांब वस्त्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होते, आणि आजचा आखूड किल्ट हे अठराव्या शतकात रूढ झालेले त्याचेच सुटसुटीत रूप आहे. बॅगपाइपच्या बाबतीत तर परंपरेची सलगता अधिक ठाम आहे. पिब्रॉक नावाची त्या वाद्यावरची विस्तारक्षम, संथ शास्त्रीय रचना स्वरलिपीत न लिहिता, तबल्याचे बोल शिष्याच्या तोंडी बसवावेत तशी ठरावीक अक्षरसमूह गाऊन शिकवली जाई, आणि स्काय बेटावरील मॅक्रिमन घराण्याने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कुळप्रमुखांचा आश्रय आटल्यावर १७८१ पासून हायलँड सोसायटीने फॉल्कर्क येथे स्पर्धा सुरू केल्या आणि वादकांना नवा आधार मिळाला. रूप नवे मिळाले म्हणून परंपरा खोटी ठरत नाही. खरा आक्षेप घ्यायचा तर तो वेगळा आहे: वेश उचलला गेला, आणि तो वेश नेसणारा समाज त्याच वेळी मोडला गेला.

या मोडतोडीस हायलँड क्लिअरन्सेस, म्हणजे हायलँड्समधील वस्त्या उठवण्याची मोहीम, असे म्हणतात. कुळप्रमुख जमीनदार झाला तेव्हा त्याला माणसांपेक्षा पैशांची गरज भासू लागली, आणि दक्षिणेकडील मेंढपाळ शेविअट जातीच्या मेंढ्यांसाठी दऱ्यांना जो खंड देऊ करीत तो लहान शेतकऱ्यांच्या खंडाहून कितीतरी अधिक होता. सदरलंड परगण्यात १८०७ ते १८२१ या काळात हजारो माणसे आतल्या दऱ्यांतून किनाऱ्यावर हलवली गेली, जेथे त्यांनी मासेमारी करावी अशी अपेक्षा होती. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हर या दरीत घरांना आगी लावल्याच्या आरोपावरून पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर इन्व्हरनेस येथे १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. १८२२ च्या राजभेटीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. सदरलंडची टार्टनधारी तुकडी त्या मिरवणुकीत होती. हायलँडची वेशभूषा व रिवाज जपण्यासाठी संस्था काढणारा, हेन्री रेबर्नच्या भव्य चित्रात टार्टन घालून उभा असलेला ग्लेनगॅरीचा प्रमुख मॅक्डोनेल तेथे मिरवत होता, आणि आपल्या जमिनीवरील रयत उठवीतही होता. त्याउलट डेव्हिड स्ट्युअर्टने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या बेदखलीवर उघड टीका केली होती, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

रॉस परगण्यातील क्रॉइक येथील लहानसे चर्च या संदर्भात कोणत्याही किल्ल्याइतके महत्त्वाचे आहे, आणि प्रवासी तेथपर्यंत क्वचितच पोहोचतात. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्ही या दरीतून अठरा कुटुंबांना काढण्यात आले. जाण्यास दुसरी जागा नसल्यामुळे लहान मुले व वृद्ध यांसह त्यांनी चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मध्ये, चादरी व घोंगड्यांचे आडोसे उभारून मुक्काम केला, आणि कोणीतरी चर्चच्या खिडकीच्या काचांवर आपण कोण आहोत व कोठून आलो हे इंग्रजीत कोरून ठेवले. ती अक्षरे आजही वाचता येतात. लंडनच्या ‘टाइम्स’ने आपला बातमीदार पाठवून या प्रकरणाची हकिकत छापली होती, म्हणजे इंग्लंडमधील वाचकाला ती ठाऊक होती.

त्यानंतर एकाच वर्षाने, १८४६ च्या उन्हाळ्यात, टॉमस कुक याने इंग्लंडमधील लेस्टरहून सुमारे ३५० प्रवाशांची पहिली स्कॉटलंड सहल काढली. फ्लीटवुडपर्यंत रेल्वे, तेथून आर्ड्रॉसनपर्यंत आगबोट आणि पुढे पुन्हा रेल्वेने ग्लासगो व एडिंबरा, असा तो मार्ग होता. आगबोटीवर सर्वांना पुरेशी निवाऱ्याची जागा नसल्याने अनेकांनी रात्र उघड्यावर काढली, तरी सहली वाढतच गेल्या. कुक हा दारूबंदीचा कट्टर प्रचारक होता आणि कामकरी व मध्यमवर्गीय माणसाला निर्व्यसनी, ज्ञान देणारा प्रवास घडावा ही त्याची धारणा होती. एकट्यादुकट्या स्त्रियाही त्याच्या सहलींत निर्धास्तपणे येऊ शकत, आणि त्यांची संख्या मोठी असे. आयोना बेटावरील कोळ्यांची गरिबी पाहून त्याने आपल्या प्रवाशांकडून त्यांच्या होड्यांसाठी निधीही गोळा केला. १८६२ च्या सुमारास स्कॉटिश रेल्वे कंपन्यांनी त्याला सवलतीची तिकिटे देण्याचे थांबवले, म्हणून तो पुढल्या वर्षी स्वित्झर्लंडकडे वळला. जगभर पसरलेल्या त्या व्यवसायाचे धडे त्याने स्कॉटलंडच्या वाटेवर गिरवले होते.

सहल ही साऱ्या कुटुंबाने करण्याची गोष्ट आहे, हा आदर्श मात्र राजघराण्याकडून आला. राणी व्हिक्टोरिया पती आल्बर्टसह १८४२ मध्ये प्रथम स्कॉटलंडला आली. १८४८ मध्ये त्यांनी डी नदीच्या काठचे बाल्मोरल भाड्याने घेतले, १८५२ मध्ये ती मालमत्ता विकत घेतली आणि १८५६ पर्यंत तेथे नवा वाडा बांधून पुरा केला. बुरूज आणि मनोरे असलेला हा वाडा दिसायला मध्ययुगीन, पण प्रत्यक्षात त्या काळच्या श्रीमंत कुटुंबाचे सुट्टीतील घर होता. मुलांना किल्ट नेसवणे, डोंगरावर तट्टांवरून जाणे, नदीकाठी जेवणे, ब्रेमार येथील मेळाव्यात झाडाचा सोट उभा फेकण्याची व वजनदार हातोडा भिरकावण्याची शर्यत पाहणे, हा त्या कुटुंबाचा दिनक्रम राणीने स्वतःच्या रोजनिशीत लिहिला आणि १८६८ मध्ये त्यातील निवडक भाग पुस्तकरूपाने काढला. हे पुस्तक प्रचंड खपले. आपली राणीही नवऱ्यामुलांसह असेच हिंडते, हे वाचलेल्या मध्यमवर्गाने तिचाच कित्ता गिरवला, आणि त्यानंतर हायलँड्समध्ये रेल्वे, आगबोटी व हॉटेले यांचा जो विस्तार झाला त्याने ओबान १८८० मध्ये, फोर्ट विल्यम १८९४ मध्ये आणि मॅलेग १९०१ मध्ये रुळांनी जोडले. ग्लेनफिननचा एकवीस कमानींचा काँक्रीटचा पूल या शेवटच्या टप्प्यातील आहे.

ग्लासगोच्या कामगारांची सुट्टी या राजमान्य वाटेपेक्षा अगदी वेगळी होती. जुलैमधील ग्लासगो फेअर या मध्ययुगापासून चालत आलेल्या जत्रेच्या दिवसांत गिरण्या आणि जहाजांचे कारखाने बंद राहत, आणि सारे कुटुंब क्लाइड नदीतून आगबोटीने डनून किंवा रॉथसे येथे जाऊन एखादी खोली भाड्याने घेई. १८१२ मध्ये हेन्री बेल याची ‘कॉमेट’ ही आगबोट या नदीत सुरू झाल्यापासून ही प्रथा रुजली आणि विसाव्या शतकात स्वस्त विमानप्रवास येईपर्यंत टिकली. तिच्यात टार्टन नव्हते आणि किल्लेही नव्हते. परंतु स्कॉटिश माणसाची स्वतःची कौटुंबिक सुट्टी हीच होती, आणि परदेशी प्रवाशाच्या मार्गदर्शिकेत तिला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

आज जे किल्ले पाहिले जातात त्यांच्यावरही याच काळाचा हात फिरलेला आहे. एडिंबरा किल्ल्यातील बाराव्या शतकातील सेंट मार्गरेटचे प्रार्थनामंदिर, जे शहरातील सर्वांत जुनी वास्तू आहे, ते दारूगोळ्याचे कोठार म्हणून वापरात होते आणि १८४० च्या दशकात त्याची ओळख पटली. स्टर्लिंगजवळचे वॉलेस स्मारक १८६९ चे. वॉलेसने ज्या लढाईत इंग्रजांना हरवले ती १२९७ ची. सर्वांत अधिक छायाचित्रे ज्याची काढली जातात तो आयलन डोनन हा जलवेष्टित किल्ला १७१९ मध्ये युद्धनौकांनी उद्ध्वस्त केला होता आणि दोनशे वर्षे भग्न पडल्यानंतर १९१२ ते १९३२ या काळात पुन्हा उभारला गेला. कलोडनवर कुळांची नावे कोरलेले जे दगड सामूहिक थडग्यांपाशी उभे आहेत ते १८८१ मध्ये बसवलेले आहेत. तेथे येऊन आपल्या आडनावाचा दगड शोधणाऱ्या कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातील कुटुंबाच्या भावनेला त्यामुळे बाधा येत नाही, कारण त्यांचे पूर्वज तेथून गेले हे खरेच असते. परंतु त्यांतील बहुतेकांना देशाबाहेर नेणारे कारण कलोडनच्या रणात नव्हते, तर त्यानंतरच्या शंभर वर्षांतील खंडाच्या हिशेबात आणि १८४६ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात होते. रयतेला जमिनीवर टिकून राहण्याचा कायदेशीर हक्क १८८६ च्या कायद्याने मिळाला, तोवर अनेक दऱ्या रिकाम्या झालेल्या होत्या. मेंढ्यांचा नफा घटल्यावर त्यांतील पुष्कळ जमिनी हरणांच्या शिकारीसाठी राखल्या गेल्या. ज्या निर्मनुष्य निसर्गाच्या दर्शनासाठी लोक आज येतात, तो बऱ्याच अंशी अशा प्रकारे निर्मनुष्य झालेला आहे.

विसाव्या शतकात जतनाची दृष्टी हळूहळू बदलली. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने १९३५ मध्ये ग्लेन्कोच्या जमिनी मिळवण्यास आरंभ केला आणि पुढे कलोडनची रणभूमीही त्याच्याकडे आली. परंतु या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम इझाबेल ग्रँट या विदुषीचे म्हणावे लागेल. तिने स्वतःच्या पैशाने नांगर, चरखे, ताकाची भांडी, पाळणे, दिवे अशा सामान्य घरांतील वस्तू गोळा केल्या आणि १९३५ मध्ये आयोना बेटावर त्यांचे संग्रहालय उघडले. ते पुढे किंगुसी येथे गेले. त्याच परंपरेतील न्यूटनमोर येथील हायलँड लोकसंग्रहालयात आता १७०० च्या सुमाराचे, मातीच्या ढेपांच्या भिंती व गवताचे छप्पर असलेले एक संपूर्ण खेडे त्याच पद्धतीने बांधून दाखवले आहे. राजे आणि कुळप्रमुख यांच्या वास्तूंमधून न दिसणारी माणसे तेथे दिसतात, आणि मुलांना बरोबर घेऊन निघालेल्या कुटुंबाने एकच जागा निवडायची तर ती हीच निवडावी.

वेश, वाद्य आणि वास्तू यांच्या तुलनेत भाषेच्या वाट्याला या साऱ्या उत्साहातून फार थोडे आले. १८७२ च्या शिक्षणकायद्याने शाळा सक्तीच्या केल्या पण गेलिकची दखलही घेतली नाही. १८९१ च्या जनगणनेत अडीच लाखांहून अधिक लोक गेलिक बोलत होते, २०११ मध्ये ती संख्या सुमारे ५७ हजारांवर आली. गेलिकला कायद्याचे संरक्षण मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्याआधीच, १९८१ मध्ये, बॅरा नावाच्या बेटावरील रहिवाशांनी आपल्या मुलांना गेलिक गाणी, पाइप, सारंगीसारखी वाद्ये व नृत्य शिकवण्यासाठी ‘फेश’ नावाचे शिबिर भरवले होते, कारण ती कला मुलांपर्यंत पोहोचेनाशी झाली होती. प्रवाशांना दाखवण्याचा त्यात हेतू नव्हता. त्या एका शिबिरापासून निघालेली अशी कितीतरी शिबिरे आज स्कॉटलंडभर, बहुधा शाळांच्या सुट्टीतच, भरतात. आणि ज्या आठवड्यात बाहेरून आलेली कुटुंबे किल्ल्यांच्या रांगेत उभी असतात, त्याच आठवड्यात एखाद्या गावच्या सभागृहात स्थानिक मुले गेलिक गाण्याचे शब्द गिरवीत असतात.